वंशावळ नव्हे, सातबारा!

१९६३ साली ‘बर्क्स पीअरेज’च्या आवृत्तीत दोन सख्ख्या बहिणी मृत म्हणून छापल्या गेल्या. थोरली नेरिसा बोज-लायन, मृत्यू १९४०. धाकटी कॅथरीन बोज-लायन, मृत्यू १९६१. ब्रिटनमधल्या सरदार-उमरावांच्या वंशावळी देणारा हा सर्वांत मानाचा ग्रंथ. त्यात एकदा छापून आलं की शंका कोण घेणार?

प्रत्यक्षात दोघीही जिवंत होत्या. दोघींना जन्मतः बौद्धिक अपंगत्व होतं. १९४१ मध्ये त्यांना सरे परगण्यातल्या रॉयल अर्ल्सवूड या संस्थेत ठेवलं गेलं आणि त्या पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिल्या. नेरिसा वारली १९८६ साली. कॅथरीन तर २०१४ पर्यंत जगली, म्हणजे छापील मरणानंतर आणखी ५३ वर्षं. त्यांचे वडील हे ब्रिटनच्या राणीमातेचे सख्खे भाऊ. म्हणजे या दोघी राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या सख्ख्या मामेबहिणी.

१९८७ मध्ये वर्तमानपत्रांनी हे उघडकीला आणलं, तेव्हा नातेवाइकांकडून खुलासा आला की मुलींची आई जरा विसराळू होती, ग्रंथाचे फॉर्म नीट भरायची नाही. विसराळू बाई फॉर्म कोरा ठेवेल, हे मी समजू शकते. पण न मेलेल्या दोन मुलींच्या मरणाची दोन वेगवेगळी सालं विसराळूपणातून कशी येतात, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

मी या ग्रंथापर्यंत पोचले ते आमच्या घरच्या भांडणामुळे. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. तरुण म्हणून, आणि कॉम्प्युटरवाली म्हणून, माहिती गोळा करून तक्त्यात भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हा लक्षात आलं की आजोबांच्या पिढीच्या नोंदीत ‘पुत्र ४, कन्या २’ असं आहे. कन्या तीन होत्या. तिसरी, आमची आत्याआजी, लग्नानंतर दोन वर्षांत सासरहून परत आली आणि मरेपर्यंत कोकणातल्या घरी राहिली. मी तिच्या हातची पेज खाल्लेली आहे. मी संपादक मंडळातल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, जुन्या आवृत्तीत जे आहे तेच ठेव. उगाच कशाला? आणि नोंदी कशा ठेवाव्यात ते इंग्रजांकडून शीक. तीन-तीनशे वर्षांची घराणी, एक नाव गाळलेलं नाही!”

म्हणून मी इंग्रजांकडून शिकायला गेले. काय शिकले, ते काकांसाठी आणि काकांसारखं मानणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. यात माझ्या वयाचे लोकही आले. उमरावांच्या वाड्यांवरच्या वेब सिरीज आपण रात्र रात्र जागून बघतो, कोण कुणाचा मावसभाऊ याचे रील एकमेकांना पाठवतो आणि ‘काय घराणी आहेत!’ म्हणून हळहळतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ब्रिटिश उमरावांची ही जी गुंतागुंतीची वंशावळ आहे, ती रक्ताची नोंदच नाही. तो सातबारा आहे. सातबाऱ्यावरून गावात कोण कोण राहतं ते कळत नाही. जमीन कुणाच्या नावावर आहे ते कळतं. उमरावांची वंशावळही तेच सांगते. किताब कुणाकडे, जमीन कुणाकडे, पुढचा हक्कदार कोण. ज्याच्यामुळे या हिशोबात फरक पडत नाही, किंवा ज्याच्यामुळे हिशोबाला डाग लागतो, तो माणूस त्यात नसतो.

आधी ही पुस्तकं समजून घ्या. जॉन बर्कने आपला ग्रंथ १८२६ मध्ये काढला. ‘डेब्रेट्स’ त्याहून जुना. आत मजकूर येतो तो मुख्यतः त्या त्या घराण्याने पुरवलेला. म्हणजे ज्याची नोंद, तोच साक्षीदार. एडवर्ड फ्रीमन नावाच्या इतिहासकाराने १८७७ मध्येच एक जळजळीत लेख लिहून दाखवून दिलं होतं की, नॉर्मन विजेत्यांपर्यंत किंवा त्याच्याही मागे जाणाऱ्या यातल्या कित्येक वंशावळी बनावट आहेत. पुढे होरेस राउंड या अभ्यासकाने आयुष्याचा मोठा भाग असल्या थापा उघड्या पाडण्यात घालवला. घराण्यांचं काही बिघडलं नाही.

आता आडनावांकडे या. आपल्याला वाटतं आडनाव बापाकडून येतं. या लोकांचं आडनाव मृत्युपत्रातून येतं.

बोज-लायन हेच घ्या. डरहॅम परगण्यात कोळशाच्या खाणींवर गब्बर झालेला जॉर्ज बोज १७६० मध्ये वारला. मागे एकच मुलगी, मेरी एलेनॉर, वय ११. बापाने अट घातलेली की जो हिच्याशी लग्न करील त्याने बोज हे आडनाव घ्यावं. १७६७ मध्ये स्कॉटलंडचा एक उमराव, स्ट्रॅथमोरचा अर्ल जॉन लायन, याने तिच्याशी लग्न केलं आणि पार्लमेंटचा कायदा करवून घेऊन आडनाव बदललं. कोळसा मिळत असेल तर प्राचीन लायन कुळ एका दिवसात बोज होतं. तो वारल्यावर स्टोनी नावाच्या एका भामट्याने खोट्या द्वंद्वयुद्धात मरणाच्या दारी असल्याचं नाटक करून तिच्याशी लग्न जमवलं. त्यानेही आडनाव बदललं, मग तिचे वर्षानुवर्षं हाल केले, ती निसटली तेव्हा भर दिवसा पळवून नेलं. १७८९ मध्ये तिला घटस्फोट मिळाला. ‘बोज-लायन’मधली ती छोटी आडवी रेघ आपल्याला खानदानी वाटते. ती रेघ म्हणजे खाणीची पावती आहे.

किंवा क्लाइव्ह घ्या. प्लासीचा रॉबर्ट क्लाइव्ह, बंगालची लूट घेऊन परतलेला. इंग्लंडमध्येसुद्धा या नव्या श्रीमंतांना ‘नबाब’ म्हणून हिणवत. त्याच्या मुलाने, एडवर्डने, १७८४ मध्ये हेन्रिएटा हर्बर्टशी लग्न केलं. ती पोविसच्या अर्लची मुलगी. जुनं घराणं, डोक्यावर कर्ज. तिचा भाऊ अविवाहित वारला आणि १८०४ मध्ये पोविसचा किताब नव्याने निर्माण होऊन एडवर्ड क्लाइव्हला मिळाला. त्याच्या मुलाने १८०७ मध्ये मामाच्या इस्टेटीसाठी क्लाइव्ह आडनाव टाकून हर्बर्ट हे आडनाव घेतलं. तीन पिढ्यांत लुटारू क्लाइव्ह नाहीसा होऊन खानदानी हर्बर्ट उभा राहिला. वेल्समधल्या पोविस कॅसलमध्ये आजही भारतातून नेलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. काळा पैसा पांढरा कसा करतात याचं आपल्याला कोण कौतुक! इथे तर अख्खं आडनाव पांढरं केलेलं आहे.

रक्ताचा प्रश्न असता तर कायदा तरी सगळ्यांना सारखा लागला असता. पण बघा. मार्लबरोचा पहिला ड्यूक जॉन चर्चिल याला मुलगा उरला नाही. तेव्हा १७०६ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून किताब मुलींकडून पुढे जाऊ दिला. थोरली मुलगी डचेस झाली, तिच्यानंतर बहिणीचा मुलगा चार्ल्स स्पेन्सर ड्यूक झाला. त्याच्या धाकट्या भावाच्या वंशात पुढे डायना जन्मली, आणि ड्यूकांच्या वंशात विन्स्टन चर्चिल. पण खुद्द ड्यूकांचं आडनाव स्पेन्सर होऊन बसलेलं होतं. १८१७ मध्ये राजाकडून परवानगी घेऊन ‘चर्चिल’ परत जोडण्यात आलं. म्हणजे किताब वाचवायचा असला की मुलगीसुद्धा वंश चालवू शकते! एरवी नाही.

आता उलट उदाहरण. ते आपल्या अंगणातलं आहे.

१८०३ मध्ये मराठ्यांशी युद्ध पुकारणारा गव्हर्नर जनरल म्हणजे रिचर्ड वेलस्ली. जालना जिल्ह्यातल्या आसईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर हा त्याचा धाकटा भाऊ, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हे घराणंही मुळात वेलस्ली नव्हेच. आजोबा कॉली. नातेवाइकाची इस्टेट मिळाली म्हणून ते वेस्ली झाले, आणि पुढे वेस्लीचं भारदस्त वेलस्ली झालं.

या रिचर्डला हायसिंथ रोलां या फ्रेंच बाईपासून पाच मुलं झाली. सगळी लग्नाआधी. १७९४ मध्ये त्याने तिच्याशी लग्न केलं, पण त्या काळच्या इंग्लिश कायद्यात मागाहून केलेल्या लग्नाने मुलं औरस होत नसत. तीन मुलगे असूनही १८४२ मध्ये रिचर्ड वारला तेव्हा त्याचा मार्क्विसचा किताब बुडाला. त्याच बापाचं, त्याच आईचं रक्त, पण कायद्याच्या लेखी शून्य.

आणि त्याच अनौरस मुलांतली ॲन. पहिल्या नवऱ्याला सोडून ती लॉर्ड चार्ल्स बेंटिंकबरोबर निघून गेली. हा चार्ल्स म्हणजे सतीबंदीच्या कायद्यामुळे आपल्या शाळेच्या पुस्तकात असणारा गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक याचा धाकटा भाऊ. या दोघांचा मुलगा पाद्री झाला. त्या पाद्र्याची मुलगी सेसिलिया बोज-लायन घराण्यात दिली. तिची मुलगी म्हणजे राणीमाता एलिझाबेथ. म्हणजे रिचर्ड वेलस्ली हा राणीमातेचा खापरपणजोबा आणि आजच्या तिसऱ्या चार्ल्स राजाचा सहा पिढ्यांमागचा पूर्वज. जी मुलगी बापाच्या किताबासाठी बेकायदा होती, तिचा वंश सिंहासनावर आहे. मग ‘शुद्ध रक्त’ नेमकं कुठे ठेवलंय? मी शोधलं. मला तरी सापडलं नाही.

अजून एक. राणीमातेची बहीण मेरी हिचं लग्न १९१० मध्ये झालं सोळाव्या लॉर्ड एल्फिन्स्टनशी. आडनाव ओळखीचं वाटतंय? पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात रेसिडेंट असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच घराण्यातला, अकराव्या लॉर्डचा धाकटा मुलगा. आसईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीबरोबर होता. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याचा पुतण्या, तेरावा लॉर्ड, हाही १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या नावाचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली दोन घराणी शंभर वर्षांनी एकाच घरात, दोन बहिणींच्या गोतावळ्यात भेटतात.

हा योगायोग नाही. या पद्धतीत थोरल्या मुलाला सगळं मिळतं: किताब, जमीन, वाडा. जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. मग धाकट्यांचं काय? त्यांच्यासाठी लष्कर, चर्च आणि ईस्ट इंडिया कंपनी. माउंटस्टुअर्ट सोळाव्या वर्षी कलकत्त्याला उतरला तो याचसाठी. त्यांच्या वाड्याची वाटणी टळावी म्हणून आपल्या मुलखाची वाटणी झाली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. बाजीरावाच्या चुका होत्याच. पण समोरून एकामागोमाग धाकटी भावंडं का येत होती, याचं उत्तर शनिवारवाड्यात सापडत नाही.

आणि जे या झाडात कधीच नव्हते त्यांचं काय? लासल्स घराणं, हेअरवूडचे अर्ल. यॉर्कशरमधला त्यांचा वाडा आजही पर्यटक बघायला जातात. कॅरिबियन बेटांवरचा साखरेचा आणि गुलामांचा पैसा हा या वैभवाचा पाया. १८३३ मध्ये ब्रिटनने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला आणि २ कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना नव्हे, मालकांना. हेअरवूडच्या दुसऱ्या अर्लला १,२७७ माणसांच्या बदल्यात २६ हजारांहून जास्त पौंड मिळाले. ज्या कर्जातून ही भरपाई दिली गेली, त्याचा शेवटचा हिस्सा ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला. १९२२ मध्ये याच घराण्यात राजा पाचव्या जॉर्जची मुलगी सून म्हणून आली. बर्कच्या पुस्तकात तिची सगळी वंशावळ आहे. १,२७७ जणांची नाही.

“बरं मग? जुन्या गोष्टी आहेत, आता त्याचं काय?” असं कुणी म्हणेल. पण हे जाळं फक्त भिंतीवर टांगायला नसतं, ते वापरायला असतं. लॉर्ड सॉल्सबरी पंतप्रधान असताना त्याने भाचा आर्थर बाल्फोरला मंत्री केलं आणि १९०२ मध्ये तोच भाचा मामाच्या खुर्चीत बसला. १९६० मध्ये पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलनने बायकोच्या भाच्याला, डेव्हनशरच्या ड्यूकला, मंत्रिपद दिलं. या ड्यूकची बायको डेबोरा मिटफर्ड. तिची सख्खी बहीण डायना हिचा नवरा ओस्वाल्ड मोझली, ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी. मोझलीची पहिली बायको आपल्या लॉर्ड कर्झनची मुलगी. आणि या मिटफर्ड बहिणींचे वडील चर्चिलच्या बायकोचे सख्खे मावसभाऊ. १९४० मध्ये चर्चिलच्या सरकारने मोझली नवरा-बायकोला कैदेत टाकलं खरं, पण पुढे दोघांना हॉलोवे तुरुंगाच्या आवारातल्या घरात एकत्र राहता यावं म्हणून खुद्द पंतप्रधानाने लक्ष घातलं. नातं असलं की तुरुंगातसुद्धा वेगळी खोली मिळते.

अगदी अलीकडचं सांगायचं तर १९९९ च्या कायद्याने हाउस ऑफ लॉर्ड्समधले बहुतेक वंशपरंपरागत उमराव बाहेर काढले, तरी ९२ जागा ठेवल्या. त्यातली एखादी रिकामी झाली की पोटनिवडणूक व्हायची. २०१६ मध्ये अशाच एका पोटनिवडणुकीत उमेदवार होते ७ आणि मतदार ३. तिन्ही मतं थर्सोच्या व्हायकाउंटला पडली. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डातसुद्धा याहून जास्त लोकशाही असते.

यावरचा नेहमीचा बचाव मला माहीत आहे: वंशावळ हा निरागस छंद आहे, आपली मुळं शोधण्यात वाईट काय? मुळं जरूर शोधा. पण साधा हिशोब करा. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार. असं दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. आडनावाची वंशावळ त्यातल्या एकीचा माग ठेवते आणि त्यालाच ‘घराणं’ म्हणते. बाकीच्या १,०२३ जणांचं रक्त काय पाणी होतं? पूर्वज सगळ्यांनाच असतात. ज्यांच्या पूर्वजांची यादी कुणीतरी जपून ठेवली, त्यांना आपण खानदानी म्हणतो. आणि यादी जपली गेली, कारण तिच्यावर जमीन अवलंबून होती.

आपल्याकडे म्हण आहे, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. लहानपणी मला ती शहाणपणाची वाटायची. आता वाटतं, ही म्हण कुळाच्या फार सोयीची आहे. शोधायलाच हवं. फक्त वरच्या ओळीतली ठळक नावं वाचून थांबायचं नाही. खाली कोण हवं होतं आणि नाही, ते विचारायचं. बर्कचा ग्रंथ वाचायची ही एकच प्रामाणिक रीत मला दिसते. आडनाव बदललं असेल तर विचारा, कशाच्या बदल्यात? मुलगा असून किताब बुडाला असेल तर विचारा, त्याची आई कोण होती? एखादी मुलगी अचानक ‘मृत’ झाली असेल तर विचारा, पुरली कुठे?

नेरिसा खरोखर वारली तेव्हा तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. एक प्लॅस्टिकची पट्टी होती, तिच्यावर आडनाव आणि अनुक्रमांक. प्रकरण पेपरात आल्यावर मग दगड बसला.

मी काकांना परत फोन केला. म्हटलं, “काका, इंग्रजांनी पण गाळलेत. चांगलेच गाळलेत.” ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तिच्या सासरचे लोक अजून आहेत गं. आणि तिने घराचं हक्कसोडपत्र केलं होतं, तेव्हा तसा काही प्रश्न येत नाही.”

बघा, पुन्हा सातबाराच. मी विचारलं माणसाबद्दल, उत्तर आलं जमिनीबद्दल.

तक्त्यात मी आता ‘कन्या ३’ केलं आहे. तिसऱ्या ओळीत तिचं नाव, जन्मसाल आणि मृत्यूसाल लिहिलं आहे, खरं. सासरच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. तिने स्वतः ते नाव कधी लावलं नाही. फाइल काकांना पाठवून बारा दिवस झाले. दोन निळ्या खुणा दिसताहेत. उत्तर नाही. दिवाळीआधी छापायला जायचं आहे, आणि मूळ फाइल माझ्याकडे आहे.